मिठू खात नाही, की मिठूला भूकच नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो इथे थोडक्यात मांडते, म्हणजे हीच अडचण असलेल्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीत तुमच्या घरी आठ महिन्यांचा व्हेल्ड शॅमेलियन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यांतली एक जात, आहे. नर आहे आणि मुलाने त्याचं नाव मिठू ठेवलंय. तीन महिन्यांचा असताना तुम्ही त्याला आणलंत तेव्हा तो दिवसाला बारा-पंधरा रातकिडे खायचा. डिसेंबरपासून त्याने रातकिड्यांकडे पाठ फिरवली. कुणीतरी वॅक्सवर्म (मऊ, चरबीदार अळ्या) द्या म्हणून सुचवलं, ते त्याने हातातून झडप घालून खाल्ले. आता तो दुसरं काहीच खात नाही. रातकिडा शेजारून चालत गेला तरी एक डोळा फिरवतो आणि बघतो दुसरीकडेच. गेले दोन दिवस तर वॅक्सवर्मही नकोत. मुलगा रडकुंडीला आलाय आणि तुम्ही विचारताय, “हे नखरे आहेत की आजार?”

मी फ्लोरिडात गेली चौदा वर्षं व्हेल्ड आणि पँथर शॅमेलियन पाळते आहे, पिल्लंही वाढवली आहेत. दर हिवाळ्यात असा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. पाहिलेल्या दहातल्या सात-आठ ‘नखरेल’ शॅमेलियनांचे नखरे नव्हतेच. कुणाला भूक लागत नव्हती, कुणाला खाता येत नव्हतं, कुणाला खाण्याइतकं सुरक्षित वाटत नव्हतं. खरे चोखंदळ उरतात ते थोडेच, आणि त्यांना तसं बहुतेक वेळा आपणच बनवलेलं असतं.

पहिली गोष्ट वयाची. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसभर खातं, कारण त्याला वाढायचं असतं. आठ-नऊ महिन्यांच्या सुमाराला वाढीचा वेग उतरतो आणि भूकही उतरते. मोठ्या व्हेल्ड नराला एक दिवसाआड चार-पाच किडे पुरतात. पण आपल्या डोक्यात पंधराचा आकडा बसलेला असतो. पंधराचे पाच झाले की आपण घाबरतो आणि ‘काऊचा घास, चिऊचा घास’ सुरू करतो. मिठूच्या बाबतीत नेमकं हेच झालं असावं असं मला वाटतं. त्याची भूक वयाने कमी झाली, त्यात हिवाळा आला, आणि त्याच वेळी त्याच्यापुढे चरबीचा गोळा आला. वॅक्सवर्म म्हणजे आपल्याकडे मधमाशा पाळणारे ज्याला मेणकिडा म्हणतात तोच, पोळ्यातलं मेण पोखरणारा. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग नुसती चरबी असते. रोज असे पाच-सहा खाल्ले तर पोट भरतं आणि बाकी कशाचीही गरज उरत नाही. पोरगं दुपारभर पेढे खाऊन रात्री भाजी-भाकरीला नाही म्हणतं, त्यातलाच हा प्रकार. दोन दिवस मेणकिडेही नाकारणं हा कदाचित भरलेल्या पोटाचाच निरोप असेल.

‘कदाचित’ म्हणते आहे, कारण मी मिठूला पाहिलेलं नाही. म्हणून खाण्याचा विचार बाजूला ठेवून आधी काही गोष्टी तपासा.

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. त्यावर एक आडवी फांदी किंवा छोटं रोप ठेवून काटा शून्यावर आणा आणि मिठूला त्यावर चढू द्या. आजचा आकडा लिहून ठेवा. यापुढे दर रविवारी सकाळी, खाण्याआधी वजन करायचं. शॅमेलियन किती खातो यावरून त्याची तब्येत कळत नाही, वजनावरून कळते. १२० ग्रॅमच्या प्राण्याचे १२ ग्रॅम गेले तर दहावा हिस्सा गेला, आणि मग वाट बघायची नाही. वजन स्थिर असेल तर तो काही दिवस तुमच्याकडे तुच्छतेने बघत बसला तरी त्याला काही झालेलं नाही.

मग त्याची विष्ठा बघा. त्यातला पांढरा भाग, म्हणजे युरेट, स्वच्छ पांढरा असेल तर पाणी पुरेसं आहे. पिवळा-नारिंगी असेल तर तो तहानलेला आहे, आणि तहानलेला शॅमेलियन खात नाही. न्यू जर्सीत जानेवारीत घरातला हीटर दिवसरात्र चालतो, हवा कोरडी ठक्क होते. उन्हाळ्यात पुरत असलेली फवारणी तेव्हा पुरत नाही. शॅमेलियन वाटीतल्या साचलेल्या पाण्याला सहसा तोंड लावत नाही, पानावरचे थेंब चाटतो. सकाळी दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे गेल्यावर दोन-दोन मिनिटं बारीक फवारा द्या, आणि दुपारी तासभर वरून थेंब थेंब पाणी पानांवर पडत राहील अशी व्यवस्था करा. डोळे खोल गेले असतील तर हे आजच करा. दिवसा डोळे मिटून बसत असेल तर मात्र माझं उत्तर पुढे वाचत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांची वेळ घ्या. निरोगी शॅमेलियन दिवसा डोळे मिटून बसत नाही.

तिसरी तपासणी उष्णतेची, आणि इथे बरेच जण फसतात. तुम्ही लिहिलंय, ‘बल्ब चालू आहे.’ बल्ब चालू असणं आणि मिठूच्या पाठीला ऊब मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या ऊन खायच्या फांदीवर, पाठ येते त्या उंचीला, तारेचं टोक असलेला डिजिटल थर्मामीटर लावा. तिथे सुमारे ८५ फॅरनहाइट, म्हणजे २९-३० सेल्सिअस हवेत. पिंजऱ्याच्या मधल्या भागात दिवसा ७२ ते ७८ फॅरनहाइट ठीक. रात्री ६०-६५ पर्यंत उतरलं तर उत्तमच, त्याला गार रात्र मानवते. तुमचा पिंजरा जाळीचा आहे. जाळीचा पिंजरा खोलीची हवा घेतो, त्यामुळे नोव्हेंबरात जो बल्ब पुरत होता तो जानेवारीत त्याच उंचीवरून कमी पडू शकतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शॅमेलियनची जीभ स्नायूंच्या थेट जोरावर सुटत नाही. आधी ताणून ठेवलेल्या लवचीक ऊतीतून ती धनुष्यातल्या बाणासारखी सुटते. त्यामुळे थंडीतही तो नेम बऱ्यापैकी साधतो. व्हेल्ड शॅमेलियनवरच झालेल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, १५ सेल्सिअसलाही जिभेचा वेग फारसा घटला नव्हता. जीभ परत ओढणं मात्र बरंच मंदावलं होतं, कारण ते काम स्नायूंचं. पण पोट थंडीत काम करत नाही. म्हणून ‘काल त्याने किडा पकडला, म्हणजे तो ठीक आहे’ हा हिशोब चुकतो. पकडलेला किडा पोटात पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी भूक लागत नाही.

जिभेचंच आणखी एक. मिठू रातकिड्याकडे बघून तोंड अर्धवट उघडतो, जिभेचं टोक बाहेर आणतो आणि मग थांबतो, असं होतंय का? जीभ अर्ध्यावर पडते का? नेम चुकतो का? असं होत असेल तर त्याला खायचंय पण खाता येत नाही, आणि याला नखरे म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात आणि जिभेचे स्नायूही दुबळे होतात. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलं तरी डोळे सुजतात आणि जिभेला किडा चिकटेनासा होतो. एरवी त्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असते. हातातून वॅक्सवर्म चालतो आणि लांबचा रातकिडा नको, यामागे कधी कधी हेच कारण असतं. जवळचा जबड्यानेही घेता येतो, लांबच्यासाठी जीभ लागते. पुढच्या वेळी वॅक्सवर्म हातात न देता सहा-सात इंचांवरच्या पानावर ठेवा आणि तो जीभ फेकतो का ते फोनवर टिपा. डॉक्टरांना याहून उपयोगी दुसरं काही नाही.

कॅल्शियम अंगी लागायला हवे असलेले उन्हातले अतिनील किरण देणारी यूव्हीबी नळी कधी घेतलीत? पिंजऱ्याच्या रुंदीभर लांब, टी-फाइव्ह प्रकारची नळी असेल तर साधारण वर्षाने बदला. प्रकाश दिसत राहतो, पण त्यातला कामाचा भाग संपलेला असतो. स्प्रिंगसारखा पिळलेला छोटा बल्ब असेल तर तो या प्राण्याला पुरत नाही. आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यूव्हीबीच्या दृष्टीने शून्य आहे, कितीही लख्ख दिसलं तरी.

आता जागेबद्दल. पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे असं तुम्ही एका वाक्यात उरकलंत, मला तेच वाक्य सगळ्यात जास्त खटकलं. शॅमेलियन झाडावर राहणारा, एकटा, भित्रा प्राणी आहे. पाहणारा वरून आला की त्याच्या लेखी तो शिकारी पक्षी. पिंजऱ्यातली सगळ्यात वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर असली पाहिजे. आत त्याला पूर्ण गडप होता येईल एवढी खरी पानं हवीत. मनीप्लँट चालतो. जास्वंद तर फारच छान, कारण व्हेल्ड पानंही खातो, जास्वंदीची फुलं आवडीने चावतो. रोप नर्सरीतून आणलंत तर पानं नीट धुवा, माती बदला आणि काही आठवडे थांबून मग आत ठेवा, त्यावर औषध मारलेलं असतं. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर तो दुसरा नर समजून दिवस दिवस तणावात राहतो. एका मैत्रिणीचा पँथर शॅमेलियन अडीच आठवडे जेवत नव्हता. पिंजऱ्यासमोरचा आरसा हलवला आणि तिसऱ्या दिवशी त्याने टोळधाड पडावी तसं खाल्लं.

हे सगळं ठीक निघालं, वजन ठीक, डोळे उघडे आणि टपोरे, जीभ सरळ सुटते, तरच आपण त्याला चोखंदळ म्हणू. मग उपाय सोपा आहे, फक्त तुमच्या मनाला जड जाईल.

वॅक्सवर्म आजपासून बंद. तीन दिवस खायला काहीच द्यायचं नाही, पाणी मात्र भरपूर. आठ महिन्यांच्या, वजनाने भरलेल्या नराला तीन दिवसांच्या उपासाने काहीही होत नाही. हे वाक्य तुमच्या मुलालाही वाचून दाखवा. मात्र तीन-चार महिन्यांच्या पिल्लावर हा प्रयोग कुणी करू नये. त्याच्याकडे साठा नसतो, ते दोन-तीन दिवस जेवलं नाही तरी काळजीचं आहे.

चौथ्या दिवशी सकाळी दिवे लागून तासभर झाला, तो ऊन खाऊन तापला, की एकच किडा द्यायचा. रातकिडा नको. रातकिड्यांना तो कंटाळलाय, किंवा एखाद्याने त्याला चावलंय. रात्री पिंजऱ्यात राहून गेलेले रातकिडे झोपलेल्या शॅमेलियनला कुरतडतात आणि ती आठवण त्याच्या मनात राहते. म्हणून उरलेले किडे संध्याकाळी काढून घ्यायचेच. रेशीमकिडा द्या. पांढरा, मऊ, सावकाश डोलत चालणारा, चरबी कमी. तुतीच्या पानांवर वाढलेला हा किडा मी पाहिलेल्या बहुतेक रुसलेल्या शॅमेलियनांनी घेतलाय. हिरवा-निळा हॉर्नवर्मही चालेल, त्यात बहुतांश पाणीच असतं, तहानलेल्याला दुहेरी फायदा. फक्त तो दुकानातलाच घ्या, टोमॅटोच्या झाडावरून उचललेला नको, ते झाड खाल्लेली अळी विषारी ठरू शकते.

आणि घरात उरलेले वॅक्सवर्म फेकू नका. डबा फ्रिजबाहेर, उबेत ठेवा. ते कोष करतील आणि काही आठवड्यांत पतंग होऊन बाहेर पडतील. तो पतंग पिंजऱ्यात सोडा आणि मिठूकडे बघा. शॅमेलियनची भूक पोटाइतकीच डोळ्यांत असते. फडफडणारी, उडणारी गोष्ट दिसली की दोन्ही डोळे, जे एरवी वेगवेगळ्या दिशांना फिरतात, ते एकाच बिंदूवर येतात, मान पुढे येते, शेपटी फांदीला घट्ट होते. आमच्या फ्लोरिडात पाळलेल्यांतून सुटलेल्या व्हेल्डांची वस्ती झाली आहे, ती इथल्या निसर्गाला जड पडते, पण त्यांना मोकळ्यावर बघताना मी खूप शिकले. मूळ येमेन आणि सौदीच्या नैऋत्य कोपऱ्यातला हा प्राणी इथेही फुललेल्या झुडपाजवळ येणाऱ्या माशा, मधमाशा टिपत बसतो. त्याच्या डोक्यात जेवण म्हणजे उडत येणारी गोष्ट, प्लॅस्टिकच्या कपात एकमेकांवर चढणारे तपकिरी किडे नव्हेत. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या मिळतात, त्यांच्याही माश्या होऊ द्या. अळीत कॅल्शियम चांगलं असतं आणि माशीत उडणं असतं.

किडा समोर ठेवलात की तुम्ही बाजूला व्हा. खोलीबाहेर जा. पंधरा मिनिटांनी या, खाल्ला नसेल तर उचला, काही बोलू नका, दुसरा काही पर्याय देऊ नका. एक दिवस सोडून पुन्हा. काही वेळा नाकारून मग बहुतेक जण मान्य करतात. मग फिरते पदार्थ ठेवा: एकदा रेशीमकिडा, एकदा डुबिया झुरळ, एकदा माश्या, मधे एखादा छोटा रातकिडा. न्यू जर्सीत तुम्हाला डुबिया मिळतात. आमच्या राज्यात त्यांना बंदी आहे, आम्ही डिस्कॉइड झुरळांवर भागवतो. किडा मिठूच्या डोक्याच्या रुंदीहून मोठा नको. मोठे किडे नाकारणाऱ्याला अर्ध्या आकाराचा दिला की तो पटकन घेतो, असंही अनेकदा होतं.

किड्यावर कॅल्शियमची भुकटी इतकीच की तो किंचित धूसर दिसेल. मोदकासारखा पांढरा केलेला किडा कुणीही खाणार नाही. साधं कॅल्शियम प्रत्येक वेळी, डी-३ आणि जीवनसत्त्वं असलेली भुकटी महिन्यातून दोनदा. जास्त दिलं तर ‘अ’ आणि डी-३ दोन्ही बाधतात, तेव्हा प्रेमापोटी वाढवू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किडा स्वतः काय जेवलाय. देण्याआधी पूर्ण दिवस त्याला गाजर, रताळं, कोवळा पाला घाला. तुमच्या भागातल्या भारतीय दुकानांत शेवग्याचा पाला मिळतो, कॅल्शियमच्या दृष्टीने माझा तो सगळ्यात आवडता. पालक मात्र नको, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवून धरतं.

जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नका. कुणीही सांगितलं तरी नको. श्वासाचं छिद्र तिथेच तोंडात असतं, खाणं फुप्फुसात जाऊ शकतं, जिभेला इजा झाली तर ती कायमची.

तुमचा नर आहे म्हणून हे उपासाचं बोलू शकले. हे वाचणाऱ्या कुणाकडे मादी असेल तर हात जोडून सांगते, तिच्यावर हे लावू नका. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी धरते, पाच-सहा महिन्यांची झाली की कधीही. अंडी घालायच्या आधी ती जेवण सोडते, अस्वस्थ होते, पिंजऱ्याच्या तळाशी फिरू लागते. माझी पहिली मादी अशीच फिरत होती आणि मी चार दिवस तिला वेगवेगळे किडे देत राहिले. ती खायला मागत नव्हती, खणायला माती मागत होती. मी फूटभर खोल ओलसर वाळू-मातीची बादली ठेवली तेव्हा फार उशीर झाला होता, अंडी आत अडकली. ती गेली. त्या वेळी तिला कळत होतं, मला कळत नव्हतं, एवढंच.

डॉक्टरांकडे कधी जायचं? वजन दहावा हिस्सा घटलं, दहा दिवस काहीच खाल्लं नाही, तोंडाच्या कडेला पिवळसर चिकट काही दिसलं, पाय वाकडे वाटले, पकड सैल झाली, यातलं काहीही झालं तर. जाताना ताजी विष्ठा डबीत न्या, जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) तपासायला सांगा. अंगावरची कात निघत असताना एक-दोन दिवस न खाणं मात्र नेहमीचं आहे.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एकच. शेताच्या बांधावर सापडणारा आपला घोयरा सरडा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडून पाळणं गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यात तो बहुधा जगतही नाही. रस्त्यावर दिसला तर ज्या बाजूला तोंड होतं त्या बाजूच्या झुडपावर सोडा. परदेशी जातीचा पाळायचा असेल तर नोंदणीची कागदपत्रं आधी बघा, प्राणी नंतर.

मिठूकडे परत येते. आज पिंजरा हलवा आणि वजन लिहा, रेशीमकिडे मागवा, ते येईपर्यंत त्याचा उपास होऊन जाईल. मुलाला वजनाची वही द्या, ते काम त्याचं. रविवारचा आकडा, पांढऱ्या भागाचा रंग आणि जीभ फेकतानाचा व्हिडिओ मला पाठवा, मग पुढचं बोलू.